खोका उघडण्याआधीच ठरलेला ब्राउझर

"कुणी हात धरलाय का? प्ले स्टोअर उघडा आणि हवा तो ब्राउझर घ्या की!" कोल्हापुरात हा विषय काढला की समोरचा हेच ऐकवतो. पूर्वपक्ष भक्कम वाटतो, कारण त्यातले अर्धे खरे आहे. फायरफॉक्स, ब्रेव्ह, ऑपेरा, झोहोचा उला हे सगळे फुकट मिळतात. पण सातबारा बघायचा असो वा दहावीचा निकाल, व्हॉट्सअॅपवर आलेली लिंक दाबली की बहुतेकांच्या फोनवर क्रोमच उघडतो. तो त्यांनी कधी निवडलेला नसतो.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, ती गुळाच्या व्यापाराला हक्काची पेठ मिळावी म्हणून. सौद्यात रवे मांडले जातात, व्यापारी पारखून बोली लावतात. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने गुऱ्हाळातच प्रत्येक रव्यावर आपला शिक्का मारून ठेवला आणि वर म्हणाला, "सौदा सर्वांना खुला आहे." कोल्हापूरकर त्याला काय म्हणेल, ते इथे छापता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की ग्राहकच आळशी आहे. हा तर निव्वळ आरोप झाला. जिओ येण्याआधी डेटा महाग होता, फोन अशक्त होते. तेव्हा याच ग्राहकाने पाने आवळून कमी डेटात उघडणारे ऑपेरा मिनी आणि यूसी ब्राउझर उचलले. यूसी तर भारतात काही काळ क्रोमच्याही पुढे होता. (तो काही सद्गुणांचा पुतळा नव्हता. जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी अॅपमध्ये त्याचेही नाव होते.) फायदा दिसला की माणूस बदलतो, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले.

मग आज फायदा कसला, सगळे ब्राउझर सारखेच ना? नाहीत. मराठी बातमीच्या पानावर अर्धा पडदा जाहिरातींनी झाकलेला असतो. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये त्या अडवणारी जोडणी बसवता येते, अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये तशी सोय नाही. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने ती द्यावी तरी कशाला? आणि हा फरक ग्राहकाला दुकानात कोण सांगणार?

राहिला स्वस्ताईचा मुद्दा: गूगलने अँड्रॉइड फुकट दिले म्हणून फोन परवडतात. पण प्ले स्टोअर हवे तर गूगलच्या अॅपचे आख्खे गाठोडे घ्या, अशी अट होती. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअरच्या जोरावर क्रोमची जागा राखली, हाही त्यातला एक ठपका होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. आधीपासून भरलेली गूगलची अॅप काढून टाकण्याची मुभा ग्राहकाला द्या, हा निर्देश त्यांतच गेला. म्हणून बहुतेक फोनांत क्रोम निष्क्रिय करता येतो, हाकलता येत नाही. माझ्या मते न्यायाधिकरण इथे चुकले.

यावर उपाय आहे, आणि तो परग्रहावरचा नाही. सर्च इंजिन कुठले हवे, हे नव्या फोनवर विचारण्याचे गूगलने भारतात जानेवारी २०२३ मध्ये मान्य केले. ब्राउझरबद्दल तसे विचारणे युरोपात मार्च २०२४ पासून कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडेही फोन पहिल्यांदा सुरू करताना ब्राउझरांची यादी समोर यावी. ती मराठीत असावी, प्रत्येकाची खुबी एका ओळीत सांगावी आणि नावांचा क्रम दर वेळी बदलावा.

नुसता आदेश काढून भागणार नाही. युरोपात मायक्रोसॉफ्टने अशीच यादी दाखवण्याचे कबूल केले होते. २०११-१२ मध्ये जवळपास १४ महिने ती लाखो संगणकांवर आलीच नाही आणि २०१३ मध्ये कंपनीला ५६.१ कोटी युरो दंड झाला. तेव्हा यादी खरोखर येते का, हे आयोगाने दिल्लीत कागद तपासून ठरवू नये. गडहिंग्लजच्या दुकानातून आठ-दहा हजारांचा फोन विकत घ्यावा आणि सुरू करून बघावा.