पावसाची एक्सेल शीट

आपल्यातल्या बहुतेकांचा संसार आकड्यांशी चाललेला असतो. सोमवारी रिव्ह्यू, महिनाअखेरीला टार्गेट, मार्चमध्ये बजेट. शिल्लक किती, खर्च किती, कात्री कुठे लावायची, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण तुमच्या गावात यंदा पाणी किती पडलं, किती मुरलं आणि किती वापरलं, असं कुणी विचारलं तर? ‘पाऊस बरा झाला म्हणे’ यापलीकडे आपली गाडी सरकत नाही. गंमत म्हणजे, गावात फोन लावलात तरी बऱ्याचदा हेच उत्तर मिळतं.

क्लायमेट चेंज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वितळणारा बर्फ आणि बिचारं पांढरं अस्वल येतं. लातूर येत नाही. खरं तर यायला हवं. एप्रिल 2016 मध्ये याच लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. आणि सप्टेंबर 2025 मध्ये लातूरसह धाराशिव, बीड, सोलापूर या भागात अतिवृष्टी झाली, उभी पिकं पाण्याखाली गेली, काही ठिकाणी तर शेतातली मातीच वाहून गेली. दहा वर्षांच्या आत दोन्ही टोकं!

पुण्यातल्या आयआयटीएमचे शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं त्यात दिसलं. त्याच काळात मान्सूनचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्षाचं पॅकेज वाढलेलं नाही, पण पगार दरमहा न येता दोन हप्त्यांत येतो आणि हातात टिकायच्या आत निघून जातो. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? आधी वही काढून हिशोब मांडेल.

आपण मात्र बोअर मारतो.

तुमच्या ऑफिसात असा एक तरी जण असेलच, ज्याच्या पगारातून गावाकडच्या बोअरचा हप्ता जातो. आमच्याकडेही आहे. लंच टाइमला त्याचा फोन वाजतो. ‘अण्णा, पाणी लागलं का?’ पलीकडून उत्तर येतं, ‘नाही रे. अजून दोनशे फूट जाऊन बघू म्हणतोय.’ याचा चेहरा पडतो, तरी संध्याकाळी पैसे जातात. बापाच्या बागेला पाणी नाही म्हटल्यावर कोण पोरगा नाही म्हणेल?

या प्रेमात एक पेच आहे. आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या बेसॉल्ट खडकावर बसलाय. पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात. खाली कठीण खडकात ते फक्त भेगांमध्ये असतं आणि तिथे नवं पाणी पोहोचायला फार वेळ लागतो. म्हणजे खोल बोअर ही एफडी मोडण्यासारखी गोष्ट झाली. त्यातही ही एफडी जॉइंट अकाउंटमधली! तुमच्या अण्णांचं बोअर खोल गेलं की शेजारच्या काकांची विहीर आटते. मग काकांचा मुलगा पैसे पाठवतो. तोही आपल्यासारखाच, हिंजवडीत नाहीतर अंधेरीत. दोघं शहरात बसून एकमेकांच्या बापाचं पाणी पळवतायत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. राज्याच्या भूजल कायद्यात 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फुटांपुढच्या खोल विहिरींवर बंधनं आहेत. गावात गप्पा मात्र 700 फुटांच्या चालतात.

बरं, हिशोब काही रॉकेट सायन्स नाही. एक हेक्टर जमिनीवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं. उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत येतो तो मोठा टँकर साधारण तेवढाच असतो. म्हणजे 400 मिलिमीटर पाऊस झाला, तर हेक्टरी 400 टँकर. त्यातलं बरंचसं उन्हाने उडून जातं, काही वाहून जातं, थोडंच मुरतं. आता खर्चाची बाजू बघा. एक हेक्टर उसाला वर्षाला साधारण 2,000 मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे 2,000 टँकर! पाच हेक्टरांवरचा सगळा पाऊस, एक थेंबही वाया न घालवता, एका हेक्टरातल्या उसाला. ही बेरीज एकदा मांडली की पुढचं भाषण करावं लागत नाही.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा ते दुष्काळाने पिचलेलं गाव होतं. डोंगरावर चर खणले, झाडं लावली, बांध घातले. एवढं तर अनेक गावांनी केलं. हिवरे बाजारचं वेगळेपण पुढे आहे. तिथे पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. माणसांना आणि जनावरांना प्यायचं पाणी आधी बाजूला काढायचं. उरेल त्यावर पिकं ठरवायची. पाऊस कमी झाला, तर रब्बीचं क्षेत्र कमी. ऊस आणि केळी नको. शेतीसाठी बोअर नको. पोपटरावांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गावाच्या कामाला तीन दशकं झाली होती.

यातलं कठीण काय आहे? बेरीज-वजाबाकी अजिबात नाही. कठीण आहे ते आलेलं उत्तर पाळणं. ज्याची बाग उभी आहे, त्याला ‘यंदा पाणी कमी’ हे कोण सांगणार? ज्याच्याकडे पैसा आहे, तो मध्यरात्री रिग बोलावून मोकळा होतो. शेततळ्यांचंही तेच झालं. वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवावं म्हणून ही कल्पना आली. पण अनेक ठिकाणी प्लॅस्टिक अंथरून ती विहिरीच्या पाण्याने भरली गेली. जमिनीखालचं, सगळ्यांचं पाणी वर आणून एकाच्या नावावर उन्हात ठेवायचं, असा तो प्रकार.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय करणार? 2018 च्या महाराष्ट्र दिनी पाणी फाउंडेशनच्या महाश्रमदानाला शहरांतून हजारो ‘जलमित्र’ गेले होते. तुमच्यातलेही काही असतील. कुदळ मारली, फोड आले, सेल्फी झाले, ढेपेसारखे झोपलात. छानच होतं ते. पण खणणं एका दिवसाचं आणि हिशोब दर वर्षाचा. कंटाळवाणं, चिकाटीचं, रकाने भरायचं काम. सांगा बरं, यात आपल्याहून एक्स्पर्ट कोण?

तर सुरुवात स्वस्तात करा. गावच्या शाळेला एक साधं पर्जन्यमापक घेऊन द्या. एका वीकेण्डच्या पिझ्झापेक्षा फार महाग नाही. सरकारची महावेध हवामान केंद्रं महसूल मंडळाला एक अशी आहेत, आणि एका मंडळात वीस-एक गावं सहज येतात. ढग काही मंडळाची हद्द बघून पडत नाही. शाळेतली मुलं रोज सकाळी आकडा लिहितील आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांसोबत तोही जाईल. मग चार-पाच विहिरी निवडा. पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा. कुणी किती एकर काय लावलंय, ते सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून आणि पारावरच्या म्हाताऱ्यांकडून कळतं. गाव अटल भूजल किंवा पोकरा योजनेत आलेलं असेल, तर पाण्याचा ताळेबंद कदाचित तयारही असेल, ग्रामपंचायतीच्या कपाटात धूळ खात. तो मागा, वाचा, चार ओळींत सोपा करून द्या.

आणि पुढच्या वेळी ‘अजून दोनशे फूट’ असा फोन आला, तर पैशांआधी एक प्रश्न पाठवा. ‘अण्णा, शेजारच्या विहिरीला किती पाणी आहे?’ अण्णा चिडतील. ‘दोन बुकं शिकलास म्हणून मला शेती शिकवतोस का?’ असंही म्हणतील. त्यांचा राग खराय, कारण कर्ज त्यांच्या डोक्यावर आहे आणि जळणारी बाग त्यांच्या डोळ्यांसमोर. म्हणून ठिबकचे, कमी पाण्याच्या पिकाच्या बियाण्याचे पैसे नक्की द्या. फक्त सातशे फुटांच्या जुगाराला देऊ नका.

2 ऑक्टोबरला आपल्याला सुट्टी असते आणि बऱ्याच गावांत त्या दिवशी ग्रामसभा भरते. पावसाळा तेव्हा संपत आलेला असतो. तुमचं मतदान शहरात असेल, तर तिथे हात वर करायचा हक्क तुम्हाला नाही. तो अण्णांचा आणि आईचा. पण हिशोबाचा कागद तुम्ही करून देऊ शकता. एक पान पुरे. आलं किती, लागतं किती, उरतं किती. शेवटच्या रकान्यात उणे आलं, तर ते लाल रंगात टाका. आपल्या बॉसला कळतं, तसं गावालाही कळतं.