दोन इंच बर्फात अख्खं शहर का अडकतं?

दर हिवाळ्यात असा एखादा व्हिडिओ हमखास फिरतो. अमेरिकेच्या दक्षिणेतलं कुठलं तरी शहर, रस्त्यावर जेमतेम बोटभर बर्फ, आणि गाड्या अगदी सावकाश घसरत एकमेकींवर जाऊन आदळतायत. खाली कमेंट्समध्ये शिकागो आणि मिनेसोटाची मंडळी हसतायत : एवढ्याशा बर्फाला घाबरता?

हसणं सोपं आहे. पण टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत आपली बरीच मराठी मुलं एमएस करतायत, नोकरी करतायत. यातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिला बर्फ तिथेच पाहिला. त्यामुळे हा विषय नीट समजून घेऊ. माझं रोजचं काम सर्व्हरचं, रस्त्यांचं नाही. तरी अटलांटाची २०१४ ची केस वाचताना मला सारखं वाटत राहिलं की हा क्रॅश आपल्या ओळखीचा आहे.

अटलांटा, २८ जानेवारी २०१४

त्या मंगळवारी अटलांटात सुमारे अडीच इंच, म्हणजे ६-७ सेंटिमीटर बर्फ पडला. हवामान खात्याने हिमवादळाचा इशारा पहाटे चारच्या आधीच दिला होता. तरी शाळा भरल्या, ऑफिसं उघडली. दुपारी बर्फ धरू लागला तेव्हा शाळा, सरकारी कार्यालयं आणि खासगी कंपन्या, सगळ्यांनी जवळपास एकाच वेळी लोकांना घरी सोडलं.

लाखो गाड्या एकदम रस्त्यावर आल्या. चढावर पहिले काही ट्रक आडवे झाले आणि मागचं सगळं थांबलं. आता मीठ आणि वाळू टाकणाऱ्या गाड्या होत्या, त्याही त्याच जॅममध्ये अडकल्या. रस्ता मोकळा नाही म्हणून मीठ पडत नाही, आणि मीठ पडत नाही म्हणून रस्ता मोकळा होत नाही. हजारो मुलांनी रात्र शाळेत किंवा स्कूल बसमध्ये काढली. होम डेपोने आपली काही दुकानं अडकलेल्यांसाठी रात्रभर उघडी ठेवली. एका बाळाचा जन्म हायवेवरच झाला. जागा शोधणारे आणि जागा देणारे यांची गाठ पडली ती ‘स्नोड आउट अटलांटा’ नावाच्या एका फेसबुक ग्रुपवर. गव्हर्नर नेथन डील यांनी नंतर माफी मागितली.

सकाळी दहाला तत्काळ तिकिटासाठी सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा काय होतं ते आठवा. तेवढीच माणसं दिवसभरात विखरून आली असती तर सर्व्हरला काहीच झालं नसतं. अटलांटाचे रस्तेही रोज तेवढ्याच गाड्या सहन करतात, पण तीन-चार तासांत पसरलेल्या. त्या दिवशी सगळा लोड एका तासात आला, आणि तोही निसरड्या रस्त्यावर.

शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त फसवा

खूप थंड प्रदेशातला बर्फ कोरडा असतो. उणे १५ अंशांना तो भुसभुशीत पावडरसारखा राहतो, टायरला थोडी तरी पकड मिळते. गरम प्रदेशात तापमान शून्याच्या वर-खाली खेळत असतं. जमीन अजून उबदार असते, त्यामुळे पहिला बर्फ वितळतो. गाड्यांच्या टायरखाली आणखी वितळतो. मग तापमान उतरलं की त्याच पाण्याची पातळ, पारदर्शक काच तयार होते. यालाच ब्लॅक आइस म्हणतात. ती काळी नसते. खालचं डांबर आरपार दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो.

पूल आणि फ्लायओव्हर सगळ्यात आधी गोठतात, कारण थंड हवा त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून लागते. साध्या रस्त्याला खालच्या मातीची ऊब असते, पुलाला ती नाही. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीनुसार बर्फाळ रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटही अंतर लागू शकतं. तुम्ही कितीही चांगले ड्रायव्हर असा, हे गणित बदलत नाही.

मग बर्फ हटवणाऱ्या गाड्या घेत का नाहीत?

वर्षातून एक-दोन दिवस, आणि काही वर्षी तेही नाही. तेवढ्यासाठी शेकडो गाड्या आणि प्रशिक्षित माणसं बाराही महिने सांभाळणं परवडत नाही. आपणही एका दिवसाच्या सेलसाठी वर्षभराचे सर्व्हर विकत घेत नाही. म्हणून ही राज्यं स्वस्त उपाय आधी वापरतात : वादळाच्या आदल्या दिवशी रस्त्यावर मिठाचं पाणी फवारायचं.

या पाण्यात वजनाने साधारण २३ टक्के मीठ असतं. या प्रमाणाला ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. पाणी सुकतं, मिठाचा थर राहतो आणि वर पडलेला बर्फ डांबराला घट्ट चिकटत नाही. साचलेला बर्फ नंतर काढण्यापेक्षा यात मीठही कमी लागतं. २०१४ नंतर जॉर्जियाने याची तयारी बरीच वाढवली.

पण यात एक गोची आहे. दक्षिणेतली वादळं बऱ्याचदा पावसाने सुरू होतात, मग त्याचा बर्फ होतो. पाऊस आधी पडला की फवारलेलं मीठ वाहून जातं. म्हणजे फवारणी केली, यादीत टिकमार्क पडला, एवढ्यावर भागत नाही.

सेन्सर ठीक आहे, पण बघतंय कोण?

११ फेब्रुवारी २०२१, टेक्सासमधलं फोर्ट वर्थ. सकाळी सहाच्या सुमारास हायवेच्या उंचावरच्या एक्सप्रेस लेनवर १३० हून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या. सहा जणांचा जीव गेला. तिथे बर्फ हटवण्याचा प्रश्नच नव्हता. बारीक पाऊस पडत होता आणि रस्त्याला लागताच गोठत होता, एवढंच.

या रस्त्यावर मिठाचं पाणी फवारलं गेलं होतं, पण जवळपास दोन दिवस आधी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. लेन चालवणाऱ्या कंपनीने त्या उंच भागाच्या स्थितीवर नीट लक्ष ठेवलं नाही आणि वेळेत उपाय केला नाही, असा निष्कर्ष निघाला. हवामानानुसार वेगमर्यादा कमी करण्याची सोय हवी, हेही मंडळाने सुचवलं.

आमच्या क्षेत्रात हे रोज दिसतं. डॅशबोर्ड असतो, आलेख असतो, पण कोणता आकडा दिसला की कोणी काय करायचं हे ठरलेलं नसतं. मग मॉनिटरिंग नावापुरतं उरतं.

मॅपवरची निळी रेघ काय सांगत नाही

गुगल मॅप्स ट्रॅफिकचा रंग ठरवतं ते मुख्यतः रस्त्यावरच्या फोन्सच्या वेगावरून. म्हणजे तो रंग वेगाचा आहे, पकडीचा नाही. ब्लॅक आइसवर पहिली पन्नास माणसं नेहमीच्या वेगाने जात असतील, तर मॅपला सगळं छान दिसणार. रस्ता रिकामा असण्याचं कारण ‘सगळे घाबरून घरी बसलेत’ हे असेल, तर तोच रस्ता मॅपला सगळ्यात भारी वाटणार.

वेझमध्ये लोक स्वतः धोक्याची नोंद करू शकतात. बर्फ न हटवलेला रस्ता कळवण्याची सोयही त्यात आली. व्होल्वोच्या काही गाड्या चाक घसरल्याचं ओळखून मागच्या गाड्यांना क्लाउडवरून इशारा देतात. कल्पना उत्तम. पण या दोन्हींना आधी कोणीतरी तिथे पोहोचावं लागतं, बऱ्याचदा घसरावं लागतं. जिथे वर्षातून एकदाच बर्फ पडतो, तिथे ‘आधीचा कोणीतरी’ तुम्हीच असू शकता.

२०२५ मध्ये काय बदललं?

१० जानेवारी २०२५ ला अटलांटात पुन्हा दोन इंचांच्या आसपास बर्फ पडला. विमानं रद्द झाली, अपघातही झाले. पण २०१४ सारखं अख्खं शहर रात्रभर हायवेवर अडकलं नाही. गव्हर्नरांनी आणीबाणी आदल्या दिवशीच जाहीर केली होती, आणि शाळा बंद किंवा ऑनलाइन होत्या. शुक्रवार होता आणि वर्क फ्रॉम होम आता सवयीचं झालंय, याचाही वाटा आहेच. म्हणून सगळं श्रेय सरकारला देता येणार नाही. पण बर्फ जवळपास तेवढाच आणि निकाल इतका वेगळा, यात मोठा फरक निर्णयाच्या वेळेचा होता. गरम प्रदेशासाठी बर्फ हटवायचं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे आदल्या रात्री आलेला ‘उद्या घरीच थांबा’ हा मेसेज. तोच मेसेज दुपारी एकला आला तर त्यानेच जॅम होतो.

तिकडे असाल तर

- हवामान ॲपमध्ये फॅरनहाइट असेल तर ३२ हा आकडा लक्षात ठेवा, तिथे पाणी गोठतं. पाऊस चालू आणि तापमान ३२ कडे उतरतंय, असं दिसलं की गाडी काढू नका.
- फोनमधले सरकारी आपत्कालीन अलर्ट बंद करू नका. त्रासदायक वाटतात, तरीही.
- निघावंच लागलं तर सगळ्यांच्या आधी निघा, नाहीतर जिथे आहात तिथेच थांबा. पुलाच्या आधी वेग कमी करा, पुलावर ब्रेक दाबू नका.
- थंडीत बॅटरी भराभर उतरते. फोन डॅशबोर्डवर न ठेवता आतल्या खिशात ठेवा. पॉवर बँक, पाणी आणि एक ब्लँकेट गाडीत असू द्या.
- वीज गेली म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू करून ऊब घेणं किंवा फोन चार्ज करणं, हे कधीच नाही. २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये कार्बन मोनॉक्साइडमुळे माणसं अशीच गेली.

मॅनेजर म्हणाला ‘या’, मॅप म्हणाला ‘२२ मिनिटं’, तरी त्या दिवशी ‘आज घरून करतो’ एवढा मेसेज टाका. तुमची एक गाडी कमी झाली की मिठाच्या ट्रकला तेवढी जागा मिळते.