वीस वर्षांनी बदललेला कौल
'स्टार वॉर्स' मालिकेतील 'रिव्हेंज ऑफ द सिथ' हा २००५ चा चित्रपट एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि अमेरिकेत पहिल्याच आठवडाअखेरीस त्याने सुमारे अडीच कोटी डॉलर कमावले. ही पूर्वकथा, अनाकिन स्कायवॉकरचा डार्थ व्हेडर होणार, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र मिळालेला हा मालिकेतील पहिलाच चित्रपट. त्यातील प्रेमसंवादांची तेव्हा जुन्या चाहत्यांनी टिंगल केली, आणि ती अनाठायी नव्हती. संवाद आजही तितकेच अवघडलेले आहेत. मात्र तेव्हा मुले असलेले प्रेक्षक आता तिशीत आहेत. त्यांना द्वंद्वयुद्धापेक्षा अधिक बोचतो तो सिनेटमधला प्रसंग: सुरक्षिततेच्या नावाखाली प्रजासत्ताकाचे साम्राज्य होते आणि सभासद टाळ्या वाजवतात. जॉर्ज लुकास यांनी तो प्रसंग काही नव्याने घातलेला नाही.