माणसाचे मत आणि डॉलरचे मत

१९ सप्टेंबर १९७७ हा सोमवार होता. अमेरिकेतील ओहायो राज्यात, यंगस्टाउन शहरी, 'यंगस्टाउन शीट अँड ट्यूब' या पोलाद कंपनीने आपला कँपबेल कारखाना बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि सुमारे पाच हजार कामगारांची रोजी एका घोषणेने गेली. त्या परिसरात तो दिवस आजही 'काळा सोमवार' म्हणून ओळखला जातो. १९६९ मध्ये ही कंपनी न्यू ऑर्लिन्सच्या लाइक्स या जहाजधंद्यातील उद्योगसमूहाने ताब्यात घेतली होती. पोलादाशी या नव्या मालकांचे नाते नफ्यापुरतेच होते. जुन्या भट्ट्यांच्या नूतनीकरणासाठी पुरेसा पैसा त्यांनी घातला नाही.

यंगस्टाउनचे कामगार रडत बसले नाहीत. गावातील चर्चच्या धर्मगुरूंसह त्यांनी कारखाना स्वतः विकत घेऊन चालविण्याची योजना आखली. त्यासाठी केंद्र सरकारने कर्जाला हमी द्यावी, एवढीच मागणी होती. १९७९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्टर सरकारने ती नाकारली. पुढे 'यू. एस. स्टील'नेही गावातील आपले कारखाने मोडीत काढले, तेव्हा १९८० मध्ये कामगार न्यायालयात गेले. पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळणाऱ्या गावाचा कारखान्यावर कायद्याने काही हक्क नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. त्याच 'यू. एस. स्टील'ने १९८२ मध्ये सुमारे सहा अब्ज डॉलर मोजून 'मॅरेथॉन' ही तेलकंपनी खरेदी केली. पोलादासाठी पैसा नव्हता, तेलासाठी होता!

हा इतिहास उगाळण्याचे कारण असे की, अमेरिकेतील विषमता हा निसर्गक्रम आहे, असे सांगणारे पंडित तेथे आणि येथेही उदंड आहेत. यंत्रे सुधारली, जागतिक स्पर्धा वाढली, त्याला कोण काय करणार, असा त्यांचा युक्तिवाद असतो. परंतु यंत्रे आणि जागतिक बाजारपेठ फ्रान्सला किंवा नेदरलँड्सलाही चुकलेली नाहीत. मग तेथे सर्वांत वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातील वाटा अमेरिकेइतका का फुगला नाही? उत्तर उघड आहे. विषमता आभाळातून पडत नाही. ती कायदेमंडळात घडविली जाते.

अमेरिकेतच याचा पुरावा आहे. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने कामगारांना संघटित होऊन सौदा करण्याचा हक्क दिला, १९३८ च्या कायद्याने किमान वेतन दिले. १९५० च्या दशकात सुमारे एकतृतीयांश कामगार संघटित होते आणि उत्पन्नकराचा सर्वोच्च दर ९१ टक्के होता. त्यामुळे देश बुडाला नाही. उलट मध्यमवर्ग विस्तारला तो त्याच काळात. या समृद्धीच्या पंक्तीत काळ्या नागरिकांना बरोबरीचे पान मात्र मिळाले नव्हते. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा ते मेंफिसमध्ये सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेले होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

पुढे चक्र जाणीवपूर्वक उलटे फिरविण्यात आले. ऑगस्ट १९८१ मध्ये रेगन यांनी संपावरील अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले आणि साऱ्या मालकवर्गाने त्यातून घ्यायचा तो बोध घेतला. करांचा सर्वोच्च दर १९८८ पर्यंत २८ टक्क्यांवर आला. आज खाजगी क्षेत्रात संघटित कामगार सुमारे सहा टक्के उरले आहेत. केंद्राचे किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर गोठलेले आहे. काही राज्यांनी ते स्वतःपुरते वाढविले हे खरे; पण १९६८ मधील केंद्रीय किमान वेतनाची खरेदीशक्ती याच्या जवळपास दुप्पट होती. डेमोक्रॅटिक पक्षही हात झटकू शकत नाही. उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराच्या अंमलबजावणीच्या कायद्यावर १९९३ मध्ये आणि बँकांवरील जुने निर्बंध उठविणाऱ्या कायद्यावर १९९९ मध्ये सही झाली ती क्लिंटन यांची. २००८ मध्ये बँका कोसळल्या तेव्हा सरकारने ७०० अब्ज डॉलरची तजवीज काही आठवड्यांत केली. यंगस्टाउनच्या कामगारांना साधी हमी नाकारणारी तिजोरी ती हीच!

याची फळे समोर आहेत. वरच्या एक टक्क्याकडे देशातील संपत्तीचा सुमारे ३० टक्के हिस्सा आहे आणि तळच्या निम्म्या लोकसंख्येकडे तीन टक्केही नाही. १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक आपल्या आईबापांपेक्षा अधिक कमावू शकले. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण निम्म्यावर आले. 'गरिबाकडेही मोटार आणि फ्रीज आहे ना,' असे म्हणणाऱ्यांनी २०१५ मध्ये अ‍ॅन केस आणि अँगस डीटन यांनी मांडलेले सत्य पाहावे. मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचा, विशेषतः अल्पशिक्षितांचा, मृत्युदर वाढत होता. दारू, अमली पदार्थ आणि आत्महत्या ही त्यामागची मोठी कारणे होती. फ्रीज आहे, पण जगण्याची उमेद नाही, अशी ही समृद्धी आहे.

लोकशाहीत बहुसंख्य गरिबांनी हे मतपेटीतून बदलावे, अशी अपेक्षा असते. परंतु पैशाने मतपेटीलाही वळसा घातला आहे. निवडणुकीतील खर्च हा भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरविले आणि २०१० मध्ये कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील बंधने उठविली. २०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क या एका माणसाने २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याचे भाषणस्वातंत्र्य मग कोणत्या भावाने मोजायचे?

राग मात्र साचतच राहतो, आणि डाव्या शक्तींनी त्याला वाट करून दिली नाही तर दुसरे कोणी ती देतात. यंगस्टाउन ज्या महोनिंग परगण्यात आहे, तो कामगारांचा बालेकिल्ला १९७२ नंतर प्रथमच, २०२० मध्ये, रिपब्लिकन पक्षाकडे गेला. मालकांवरचा संताप परदेशी मजुरांवर आणि स्थलांतरितांवर वळविण्यात आला. आणि पदरात काय पडले? ४ जुलै २०२५ रोजी ट्रंप यांनी सही केलेल्या कायद्याने श्रीमंतांच्या करसवलती कायम केल्या आणि गरिबांच्या मेडिकेड आरोग्य योजनेला कात्री लावली. त्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर फेकले जातील, असा संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा अंतर्विरोध फार काळ टिकला, तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील. तो इशारा भारताला उद्देशून होता. त्याची प्रचीती ते जेथे शिकले त्या देशात येत आहे. तेथे सुरुंग लावावा लागला नाही, मतपत्रिका पुरली.

यंगस्टाउनची लोकसंख्या १९३० मध्ये एक लाख सत्तर हजार होती. २०२० मध्ये ती साठ हजारांवर आली. पण त्या गावाचा १९७९ मधील प्रश्न ओसाड पडलेला नाही. जे श्रमाने उभे राहिले, त्याचे भवितव्य श्रम करणाऱ्यांनी ठरवायचे की हिशेबवह्या राखणाऱ्यांनी? हा प्रश्न कारखान्याच्या दारात सुटत नाही, तोवर मतदानकेंद्राच्या दारात मिळणारी समता ही कागदावरचीच राहणार. अमेरिकेची वाट हाच विकासाचा राजमार्ग, असे मानणाऱ्यांनी निदान त्या वाटेवरची विझलेली गावे मोजून मग पाऊल टाकावे.