शेतीच्या हिशेबात आपण कोठे?

"गाव सोडले, ढोरमेहनत सोडली, कशीबशी चाळीत खोली घेतली, आणि आता मुलगी म्हणते मला शेतीतच पुढे शिकायचे!" बी.एस्सी. कृषी झालेल्या मुलामुलींच्या आईवडिलांकडून हे आम्ही अनेकदा ऐकतो. पालकांना दोष देण्याचे कारण नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी दुसऱ्याच्या बांधावर जन्म काढला, त्यांना शेती या शब्दाचाच वीट आला तर नवल ते काय? पण कृषी अर्थशास्त्र आणि ग्रामीण समाजशास्त्र यांतील पदव्युत्तर शिक्षणात नांगर धरावा लागत नाही. तेथे शेतीचा आणि गावाचा हिशेब तपासायला शिकवतात. हा हिशेब आजवर बहुतांशी इतरांनीच मांडला, म्हणून या वेळी या विषयावर जरा सविस्तर लिहीत आहोत.

पिकांच्या हमीभावाची शिफारस कृषी मूल्य व किंमत आयोग करतो. त्यासाठी लागवडीचा खर्च काढावा लागतो, आणि तो काढण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. बी, खत, औषध, पाणी, भाड्याचे बैल किंवा ट्रॅक्टर, बाहेरच्या मजुरांची मजुरी असा पदरमोड करून केलेला खर्च म्हणजे 'ए-२'. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की 'ए-२ अधिक एफएल'. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याजही धरले की 'सी-२'. हमीभाव कोणत्या खर्चावर द्यावा यावरून मोर्चे निघतात, सभा होतात.

आता या हिशेबात खुरपणीला जाणारी आपली बाई कोठे आहे ते पाहा. ती खर्चाच्या बाजूला आहे, बियाणे आणि खत यांच्या शेजारी. तिची मजुरी वाढली की 'लागवडीचा खर्च वाढला' अशी नोंद होते. वर्षातले किती दिवस तिला काम मिळाले, गड्याला किती आणि तिला किती दिले, त्या पैशात घर चालले का, हे त्या तक्त्यात येत नाही. आयोगाला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण तो तक्ता त्यासाठी केलेलाच नाही. दुसरा तक्ता कोणीतरी तयार करावा लागेल. आणि ही काही मूठभर माणसांची गोष्ट नव्हे. २०११ च्या जनगणनेत शेतकरी ११ कोटी ८८ लाख होते, तर शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहिवाटीच्या जमिनीची सरासरी १.०८ हेक्टर भरली आणि अनुसूचित जातींची ०.७८ हेक्टर. ही सरासरीही ज्यांच्याकडे कसायला जमीन आहे त्यांचीच. भूमिहीन तिच्यात येतच नाहीत.

ही वाट आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम.ए. केले ते अर्थशास्त्र घेऊन, आणि समाजशास्त्र हा त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय यांवर इंग्रजीत लेख लिहिला. जमिनीचे तुकडे फार झाले, ते एकत्र करा, म्हणजे शेती सुधारेल, अशी तेव्हाच्या जाणकारांची मांडणी होती. बाबासाहेबांनी उलटा प्रश्न विचारला : लहान कशाच्या मानाने? ज्याच्याजवळ बैल नाही, अवजार नाही, भांडवल नाही, त्याला आहे तो तुकडासुद्धा मोठाच. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे पडून आहेत, त्यांना उद्योगधंद्यात काम मिळाल्याशिवाय नुसते तुकडे जोडून भागणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्यामागे पुढे खोतीविरोधी विधेयक आले (१९३७) आणि कोकणातल्या कुळांचा मुंबईतला मोर्चाही निघाला (१९३८), हे लोकांच्या स्मरणात आहे. त्याआधीचा हा लेख मात्र घरोघरी पोचला नाही.

मग आजच्या विद्यार्थ्याने काय करावे? एम.एस्सी. (कृषी) दोन वर्षांचे असते. वर्गातला अभ्यास आणि प्रबंध असे त्याचे दोन भाग. वर्गातल्या सांख्यिकीला मुले फार भितात. चार महिने नेटाने बसले की ती येते. खरा कस लागतो प्रबंधात. तालुका निवडायचा, गावे निवडायची, प्रश्नावली घेऊन घरोघर जायचे. कोणाच्या ओट्यावर बसून कोणाला विचारायचे, येथेच निम्मा निष्कर्ष ठरतो. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो आणि मुकादमाची उचल त्या कोयत्यावर मिळते. प्रश्नावलीत एकच नाव लिहिले की बाईचे काम कागदावरून नाहीसे होते. हे आपल्या वस्तीतल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र ते आकड्यांत कसे सिद्ध करायचे, हे शिकावेच लागते.

एक विषय आम्हीच सुचवतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने २००४-०५ साली सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन, असे तिचे स्वरूप. ज्यांना जमीन मिळाली त्यांच्याकडे जाऊन पाहावे. उत्पन्न किती वाढले, बँक पीककर्ज देते का, हे अर्थशास्त्राचे प्रश्न. शेतात जायची वाट कोणाच्या बांधावरून जाते आणि तो ती अडवतो का, सातबाऱ्यावर बायकोचे नाव आहे का, हे समाजशास्त्राचे. दोन्ही विषय जोडीने का शिकायचे, ते एवढ्यावरून कळावे.

राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. प्रवेश सामाईक परीक्षेतून होतो. ग्रामीण समाजशास्त्र तेथे बहुधा कृषी विस्तार शिक्षण या विभागात शिकवतात. बी.ए. झालेल्यांनी नाउमेद होऊ नये : त्यांना अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात एम.ए. करून याच विषयावर संशोधन करता येते. पुण्याची गोखले संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर केंद्र यांचीही चौकशी करावी. जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा; ऐनवेळी तहसील कचेरीत खेटे घालताना प्रवेशाची तारीख निघून जाते. फीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, पीएच.डी.साठी राष्ट्रीय फेलोशिप आणि बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. नोकऱ्या नाबार्डमध्ये, बँकांत कृषी अधिकारी म्हणून आणि राज्याच्या कृषी खात्यात असतात.

परदेशी जाण्याचे मनात असेल त्यांनी एक लक्षात घ्यावे. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. भारतातील जातींवरचा बाबासाहेबांचा निबंध १९१६ साली न्यूयॉर्कमध्येच वाचला गेला होता, आणि या नियमात तो विषय बसला नसता! म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचे नियम ओळीन् ओळ वाचावेत आणि विषयाचे नाव विचारपूर्वक लिहावे.

१९१८ चा तो लेख महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या लेखन व भाषणांच्या पहिल्या खंडात आहे. खंड जवळच्या वाचनालयात मिळेल. घरातल्या पदवीधराने दोन रविवार बसून तो वाचावा, आणि ज्या आईने खुरपणी केली तिला मराठीत समजावून सांगावा. ती जे प्रश्न विचारील ते वहीत टिपून ठेवावेत. प्रबंधाच्या प्रश्नावलीला ते उपयोगी पडतील.