अभिप्राय हवा की प्रशस्तिपत्र?

मराठी लेखनव्यवहारात ‘अभिप्राय’ या शब्दाची झाली तितकी विटंबना क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाच्या वाट्याला आली असेल. अभिप्राय म्हणजे वाचून, विचार करून बनलेले मत. आपल्याकडे मात्र पुस्तक छापखान्यात गेल्यावर मलपृष्ठासाठी मागवलेल्या चार गोड ओळींना हे नाव मिळाले आहे. त्या लिहिणाऱ्याने हस्तलिखित वाचलेले असावे, असाही कोणाचा आग्रह नसतो. मोठ्यांच्या पुस्तकाबाबत हे घडले तर वाचक ते मिटून दुसरे उघडतो. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाच्या हाती मात्र वर्षाकाठी एखाद-दुसरेच मराठी पुस्तक पडते. ते कंटाळवाणे निघाले, की त्या पुस्तकाबरोबर मराठीही मिटते.

म्हणून आम्ही स्पष्टच म्हणतो : मुलांसाठी लिहिलेले कोणतेही हस्तलिखित जाणकार, त्रयस्थ आणि मानधन घेऊन वाचणाऱ्या व्यक्तीच्या लेखी अभिप्रायावाचून छापले जाऊ नये, आणि त्याचा भार आपल्या साहित्यसंस्थांनी उचलावा.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव येथे मुलांसाठी लिहिणारे बहुधा निवृत्त शिक्षक असतात, आजी-आजोबा असतात. त्यांच्या तळमळीबद्दल आम्हांला शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या पहिल्या वाचकांबद्दल. पहिला श्रोता घरचा नातू. त्याला गोष्ट आवडते, कारण त्याला आजीची मांडी आवडते. दुसरे वाचक स्नेही. ते ‘छान आहे, छापाच’ म्हणून मोकळे होतात. तिसरा मुद्रितशोधक, तो ऱ्हस्व-दीर्घ पाहतो आणि तेच त्याचे काम आहे. गोष्ट कोठे रेंगाळते, कोणत्या वयाच्या मुलासाठी ती आहे, शेवटचे तात्पर्य गोष्टीतून उगवले की वरून चिकटवले, हे प्रश्न या तिघांपैकी कोणीच विचारत नाही. मुद्रितशोधन म्हणजेच संपादन, या गैरसमजाने आपली कितीतरी बालपुस्तके अपुऱ्या अवस्थेत छापली गेली आहेत.

आपल्या मुलांची अडचण तर पुण्या-मुंबईच्या मुलांहून वेगळी आहे. इंदूरचे मूल देवनागरी वाचते, पण ती हिंदीच्या सवयीने. ‘शिक्षा’ म्हणजे त्याच्या लेखी शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘संसार’ म्हणजे जग, ‘राग’ म्हणजे गाण्यातला. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील दोन निराळे ‘च’ लिपी त्याला दाखवत नाही. ‘दऱ्या’मधला ‘ऱ’ त्याने शाळेत पाहिलेला नसतो. बडोद्याचे मूल शिरोरेषा नसलेल्या अक्षरांवर वाढते, बेळगावातील कित्येक मुले कन्नड लिपीतून येतात, हैदराबादची तेलुगूतून. म्हणून या शब्दांना गोष्टीतून हद्दपार करावे, असे मुळीच नाही. ‘राग आला’ हे शब्द पहिल्यांदा येतात तेथे कोणी पाय आपटत असेल, तर अर्थ आपसूक कळतो. अशी जागा नेमकी दाखवून देणे, हेच जाणत्या वाचकाचे काम.

तीच गोष्ट चित्रपुस्तकाची. ते सामान्यतः १६, २४ किंवा ३२ पानांत बसवावे लागते. चित्रात लाल छत्री दिसत असताना वाक्यात पुन्हा ‘लाल छत्री’ लिहिणे म्हणजे जागेचा अपव्यय. पान उलटण्यापूर्वी काय सांगायचे आणि उलटल्यावर काय, यावर अर्धी गंमत अवलंबून असते. हे शास्त्र नुसत्या मायेने साधत नाही.

परखड वाचन मराठीला परके आहे काय? ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथेतील उणिवा पत्रांतून कळवत, आणि लेखक ती कथा पुन्हा लिहीत. मोठ्यांच्या कथेला जो मान मिळाला, तो मुलांच्या गोष्टीला का मिळू नये? फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत १९१० साली इंदुरात जन्मले. त्या गावाने तरी बालसाहित्याला दुय्यम लेखू नये. परक्या मुलखातील दोन दाखले येथे उद्बोधक आहेत. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’चे हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी १९३६ साली आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिले, त्याच्याकडून लेखी मत घेतले आणि त्याचा एक शिलिंग मोबदला दिला. पुस्तक १९३७ साली निघाले. दुसरा दाखला रोआल्ड डाल यांचा. वयाच्या सत्तरीत, जगभर कीर्ती झालेली असताना, संपादकाच्या आक्षेपांनंतर त्यांनी ‘मटिल्डा’ नव्याने लिहिली. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे मात्र साठी उलटली, की लेखनात दुरुस्ती सुचवणे हा अनादर ठरतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानत नाही : पुण्याचा संपादक आमची मराठी इस्त्री करून परत पाठवील. ‘येऊन राहिला’ खोडून ‘येत आहे’ करील, आजोळच्या बोलीचा वास धुऊन टाकील. ही भीती खरी आहे. पण अभिप्राय म्हणजे हुकूम नव्हे. चांगला वाचक ‘हे चूक’ असे लिहून थांबत नाही. ‘हे मुद्दाम आहे का?’ असे विचारतो. निर्णय लेखकाचाच. मुद्दाम असेल तर लेखक त्याचे कारण सांगू शकतो, आणि कारण सांगता येत नसेल तर तो बोलीचा अभिमान नसून निष्काळजीपणा असतो.

दुसरी सावधगिरी पैशांची. लेखकाकडून खर्च घेऊन पुस्तक छापणारे काही व्यावसायिक हल्ली ‘तज्ज्ञ अभिप्राय’ही सोबत विकतात. ज्याला छपाईचे काम मिळायचे आहे, तो हस्तलिखितास वाईट कसा म्हणेल? वाचणारा आणि छापणारा निराळेच असावेत. मानधनापूर्वी त्याने मुलांच्या कोणत्या पुस्तकांवर काम केले आहे ते विचारावे, दोन-चार पानांवरचे नमुन्याचे काम पाहावे, अटी लेखी घ्याव्यात. पुस्तक हमखास छापून आणण्याची हमी देणाऱ्यापासून तर दूरच राहावे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक संस्थेने प्रकाशन समारंभाच्या शाल-श्रीफळांतून, हारांतून आणि अल्पोपाहारातून काही रक्कम वळवून हस्तलिखित-वाचनाचा निधी उभारावा. लेखकाचे नाव झाकून हस्तलिखित दोघांकडे जावे : एक बालपुस्तकांचा अनुभवी संपादक, दुसरा आपल्याच गावचा, रोज मुलांत वावरणारा शिक्षक किंवा ग्रंथपाल. त्यानंतर ते लेखकाला न ओळखणाऱ्या आठ-दहा मुलांसमोर वाचावे. ‘आवडली का?’ असे त्यांना विचारू नये. मुले सभ्य असतात, ‘हो’ म्हणतात. ती कोठे चुळबुळतात ते टिपावे, आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट त्यांनाच सांगायला लावावी. जे त्यांच्या सांगण्यातून गळते, ते बहुधा लिखाणातच फाजील असते.

असे केल्याने वर्षाला निघणाऱ्या चार पुस्तकांची दोन होतील, अशी तक्रार कोणी केल्यास आम्हांला ती मान्य आहे. उरलेली दोन मुले दुसऱ्यांदा मागून नेतील, आणि ती नेताना ग्रंथपालाशी मराठीत बोलतील. आपल्या संस्था आणखी कशासाठी आहेत?