नवतपा लागण्याआधी एकदा एकत्र बसू या

चंद्रपूर, बल्लारपूर आणि गडचिरोलीतील फ्लॅटधारक बंधू-भगिनींनो,

कवेलूचं घर सोडून लिफ्टच्या इमारतीत जाणं म्हणजे प्रगती, असं आपण धरून चाललो. पण मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे या घरांचं पाणी, गारवा आणि येणं-जाणं सगळं विजेवर अवलंबून आहे. २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र चंद्रपूरच्या दारात आहे. तरीही वादळात तार तुटली की पंप बंद, टाकी कोरडी आणि लिफ्ट अडकलेली. सातव्या मजल्यावरच्या आजारी आजींना खाली कोण आणणार, हे बहुतेक इमारतींत कुणी ठरवलेलंच नसतं.

कूलरचंच घ्या. आपला उन्हाळा निघतो तो कूलरवर. त्याला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली ओलसर हवा निघून जायला समोरची खिडकी उघडी लागते. काचा बंद असलेल्या फ्लॅटमध्ये कूलर लावला की अंग चिकचिकतं. मग एसी येतो. त्याची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीवर जाते, की त्याचाही एसी. वरच्या मजल्याचा स्लॅब तर मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असतो.

गेटवरच्या पहारेकऱ्याकडेही बघा. बऱ्याच ठिकाणी त्याची केबिन पत्र्याची असते. भर दुपारी त्या पत्र्याला हात टेकवत नाही आणि तो माणूस तिथे दिवसभर बसतो. घरकामाला येणाऱ्या बायकांना लिफ्ट वापरू न देणाऱ्या इमारतीही आहेत. हे लाजिरवाणं आहे आणि ते आपणच थांबवू शकतो.

म्हणून विनंती, होळी झाली की आपल्या इमारतीची सभा घ्या. लिफ्टची तपासणी करून घ्या. गच्चीला चुना द्या. एकटे राहणारे म्हातारे किती, याची यादी करा. पहारेकऱ्याला सावली, पंखा आणि रांजणभर पाणी द्या. अग्निसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत द्यायचं प्रमाणपत्र दिलं का, हे विचारा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर रेरा कायद्यानुसार बिल्डरने तो पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. पण त्यासाठी सगळ्यांनी मिळून मागणी केलेली बरी.

एकत्र बसणं आपल्या भागाला नवं नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सर्वसहमतीने निर्णय घेतं. त्या ग्रामसभेने २००९ मध्ये जंगलावरचे सामूहिक हक्क मिळवले. आपल्याला तर फक्त एक जिना सांभाळायचा आहे.

ज्यांनी अजून फ्लॅट घेतलेला नाही, त्यांनी सॅम्पल फ्लॅट संध्याकाळी एसीत पाहू नये. मे महिन्यात दुपारी तीनला वरच्या मजल्यावर जा, पंखा बंद करून दहा मिनिटं उभे राहा आणि मगच टोकनची रक्कम द्या.